छायाचित्र-विक्रय (पांढरकवडा परिसर)

स्वतः टिपलेली छायाचित्रे वर्तमानपत्रे, नियतकालिके, ग्रंथप्रकाशक, जाहिरातसंस्था, कारखाने व व्यापारी पेढ्या यांना मोबदला घेऊन वापरावयास देण्याचा व्यवसाय. या व्यवहारात छापील प्रत किंवा संगणकावरील फाइल एका हातातून दुसऱ्या हातात जात असली, तरी मोल ठरते ते हक्काचे. ते चित्र कोणत्या प्रयोजनासाठी, किती मुदतीपर्यंत, कोणत्या मुलखात आणि एकदाच की वारंवार छापता येईल, यावर त्याची किंमत अवलंबून असते. म्हणूनच कपाशीच्या शेताचे एखादे चित्र दैनिकाला अल्प मोबदल्यात देणे आणि तेच बियाण्यांच्या कंपनीला वर्षभराच्या जाहिरातीसाठी त्याच्या अनेक पटींनी देणे, यांत कोणतीही विसंगती नाही.

छायाचित्र अक्षरांच्या शेजारी छापता येण्यापूर्वी हा धंदा संभवतच नव्हता. अशी छपाई साधणाऱ्या हाफटोन ठशाचे छायाचित्र न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या दैनिकात ४ मार्च १८८० रोजी आले. महाराष्ट्रात ठशांची ही विद्या आत्मसात करणाऱ्यांत दादासाहेब फाळके यांचे नाव घ्यावे लागते. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय करून पाहिल्यावर त्यांनी पुढे लोणावळे येथे ठशांचा छापखाना काढला, आणि चित्रपटाकडे ते वळले ते त्यानंतर. रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ प्रभृती छायाचित्रकारांनी १९४७ मध्ये स्थापिलेल्या ‘मॅग्नम’ या सहकारी संस्थेने, चित्रावरील स्वामित्व नियतकालिकाकडे न जाता ते काढणाऱ्याकडेच राहावे, हा आग्रह धरला.

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठाणे असलेले पांढरकवडा नागपूर–हैदराबाद महामार्गावर वसले आहे, आणि ज्या विषयांच्या चित्रांना दूरवरून मागणी येते असे विषय या एका तालुक्याच्या आसपास जितके एकवटले आहेत तितके विदर्भात फार थोड्या ठिकाणी आढळतील. कपाशी आणि तिच्या मागोमाग येणारे शेतकऱ्याचे कर्ज, २०१७ साली जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने झालेले मृत्यू, कोलाम आदिवासींचे पोड (वस्त्या), आणि १४८.६३ चौरस किलोमीटर क्षेत्राचे टिपेश्वर अभयारण्य हे ते विषय होत. ‘अवनी’ या नावाने ओळखली गेलेली टी-१ ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली तेव्हा, आणि पुढील वर्षी टिपेश्वरचाच एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ-कॉलर घेऊन शेतेशिवारे तुडवीत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला तेव्हा, या परिसराची चित्रे देशाबाहेरही पाहिली गेली. असे असूनही येथील स्टुडिओंची उपजीविका लग्नसमारंभ आणि पासपोर्टचे फोटो यांवरच चालते. याचे कारण कौशल्याचा अभाव हे नसून हक्कांविषयीचे अज्ञान हे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या हक्कांचा आधार १९५७ चा कॉपीराइट कायदा होय. छायाचित्र घेणारा इसम हाच त्याचा कर्ता, असे त्यात म्हटले आहे. परंतु कर्ता आणि प्रथम स्वामी हे नेहमीच एक नसतात. कलम १७ अन्वये, नियतकालिकाच्या नोकरीत असताना प्रसिद्धीसाठी काढलेल्या चित्राचे स्वामित्व, जेथवर नियतकालिकातील प्रसिद्धीचा प्रश्न आहे तेथवर, मालकाकडे जाते, आणि कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचे प्रथम स्वामित्व, विरुद्ध करार नसल्यास, सांगणाऱ्याकडे जाते. या दोन तरतुदींचा तालुक्याच्या ठिकाणी होणारा परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. लोकनायक बापूजी अण्यांनी १९१८ मध्ये यवतमाळात ‘लोकमत’ साप्ताहिक काढले होते; या जिल्ह्याला वृत्तपत्रांची जुनी परंपरा आहे, आणि गावोगावचे वार्ताहर बातमीसोबत छायाचित्रही पाठवितात. असा वार्ताहर पगारी नोकर नसेल, चित्र त्याने स्वतःहून काढले असेल आणि काही लिहून दिले नसेल, तर ते छापून आल्यानंतरही त्याचेच राहते आणि दुसऱ्या प्रकाशनाला देण्यास त्याला सामान्यतः हरकत नसते. याउलट जिनिंग कारखान्याने बोलावून, पैसे ठरवून काढविलेली चित्रे कारखान्याची होतात, आणि वर्षभराने तीच एखाद्या मासिकाला विकणारा छायाचित्रकार नकळत परक्या मालाची विक्री करीत असतो. दोन ओळींचा करारनामा हा प्रसंग टाळतो.

स्वामित्वाचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी झाले तरच ग्राह्य असते. त्यात मुदत न लिहिल्यास ती ५ वर्षांची आणि मुलूख न लिहिल्यास तो भारतापुरता मानला जातो. कलम १९ ची ही तरतूद दुर्बळ पक्षाला मिळालेले मोठेच संरक्षण आहे, आणि व्हॉट्सॲपवर चित्र मागवून घेणाऱ्या व्यापाऱ्याला ती नम्रपणे दाखवून देण्यात संकोच मानू नये. शक्यतो हस्तांतरण न करता परवानाच द्यावा, आणि त्यात प्रयोजन, मुदत व रक्कम नमूद करावी. सर्व हक्क विकल्यानंतरही कर्तेपणाचा दावा कलम ५७ मुळे शाबूत राहतो. चित्राखाली नाव छापावे ही मागणी त्यामुळे उपकाराची याचना ठरत नाही.

चित्रातील माणसाचा हक्क हा याहून नाजूक विषय होय. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मधील राजगोपाल खटल्यात, व्यक्तीचे नाव वा प्रतिमा तिच्या संमतीवाचून जाहिरातीसाठी वापरणे हा खासगीपणाचा भंग होय, असे म्हटले. तेव्हा वेचणी करणाऱ्या बाईचे चित्र बातमीसोबत आले म्हणून तेच कीटकनाशकाच्या डब्यावर घालता येत नाही. त्यासाठी तिची लेखी संमती हवी, आणि ती तिला समजेल अशा भाषेत, चित्र कोठे लागणार हे सांगून घेतलेली असावी. कोलामी बोलणाऱ्या वृद्धेचा अंगठा मराठी कागदावर उमटवून घेणे ही संमती नव्हे. आत्महत्याग्रस्त घरातील विधवेच्या मुद्रेचे चित्र व्यापारी संग्रहात ठेवूच नये, हे या लेखकाला निःसंशय वाटते, मग कायद्याची त्यास हरकत असो वा नसो.

वाघाची संमती लागत नाही, परंतु वनाची लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे छायाचित्रण हे अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देण्याच्या प्रयोजनांपैकी एक आहे, आणि सुन्ना किंवा माथनी दरवाजातून आत जाणाऱ्याने व्यापारी चित्रीकरणासंबंधीच्या शर्ती आधी कार्यालयात विचारून घ्याव्यात. आमिष दाखवून किंवा वाट अडवून मिळविलेले चित्र चांगले नियतकालिक नाकारते.

ग्राहकाकडे पाठविताना चित्रासोबत स्थळ, तालुका, तारीख, पिकाचे वा प्राण्याचे नेमके नाव आणि छायाचित्रकाराचे नाव लिहिलेले असावे. छपाईसाठी एका इंचात ३०० बिंदू ही सर्वसाधारण अपेक्षा असते, आणि व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र लहान होऊन पोहोचत असल्याने ते पानभर छापण्यास सहसा निरुपयोगी ठरते. मूळ फाइल स्वतःजवळ ठेवावी. परदेशी चित्रसंग्रह-संस्था विक्रीतला मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवतात, तरी पांढरकवड्यात बसून लंडनच्या प्रकाशकापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग सहसा हाती नसतो. जुन्या स्टुडिओंच्या वारसांकडे पडून असलेल्या निगेटिव्हांना आता इतिहासग्रंथांचे संपादक विचारू लागले, तर वारसांनी एवढे तपासावे की मुदत संपली नसल्यास, गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढविलेल्या चित्राचा हक्क त्या गिऱ्हाइकाच्या कुटुंबाकडे असतो, आणि परवानगी प्रथम तेथून मागावी लागते.