तालिकेतील ऐतिहासिक कालनोंद

ग्रंथ, हस्तलिखिते, नकाशे इत्यादींचा निर्मितिकाळ ग्रंथालयीन तालिकेत ठरावीक नियमांनी नोंदविण्याची पद्धती. मुखपृष्ठावरील काळ वाचकासाठी जसाच्या तसा उतरवितात, तर संगणकाला शोध व क्रमवारी करता यावी म्हणून तोच काळ सांकेतिक रूपातही देतात. मार्क २१ या आराखड्यात ००८ क्रमांकाच्या क्षेत्रात काळाचा प्रकार दर्शविणारे एक अक्षर आणि चार-चार अंकांची दोन वर्षे असतात.

मूळ सनाचे इसवी सनात रूपांतर करताना अडचण येते. जुन्या मराठी पुस्तकांवर बहुधा शक आढळतो. शकवर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होत असल्याने डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ७८ आणि पुढे फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणून नुसते ‘शके १८००’ छापलेले असल्यास ‘शके १८०० [१८७८ किंवा १८७९]’ अशी नोंद करतात; माघ महिना दिलेला असल्यास १८७९ निश्चित होते. चौकटी कंसातील मजकूर तालिकाकाराने पुरविलेला असतो. अनुमानित वर्षापुढे प्रश्नचिन्ह देतात.

तारखांच्या सांकेतिक लेखनाविषयीच्या आयएसओ ८६०१-२ (२०१९) या मानकात अनिश्चिततेसाठी प्रश्नचिन्ह, अंदाजासाठी ‘~’ आणि अज्ञात अंकाच्या जागी ‘एक्स’ अक्षर वापरतात. त्यात शून्य वर्ष म्हणजे इ. स. पू. १, त्यामुळे इ. स. पू. ४४ हे –००४३ असे लिहितात. दिनदर्शिका बदलल्यानेही वर्षाबाबत घोटाळा संभवतो. ब्रिटनने १७५२ मध्ये ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये नववर्ष २५ मार्चला सुरू होई. साहजिकच तेथील जानेवारी ते मार्चमधील जुन्या तारखांचे वर्ष तपासूनच नोंदवावे लागते.