सांजांव
सांजांव हा गोव्यातील कॅथलिक समाजाचा २४ जूनचा सण असून तो बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचा जन्मदिन होय. लूकच्या शुभवर्तमानानुसार मरीयेचे अभिवादन ऐकताच अलीशिबेच्या उदरातील बालकाने उडी मारली. पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या घेण्याची प्रथा या कथेशी जोडली जाते. मद्य घेऊन घेतलेली उडी मात्र जिवावर बेतू शकते. डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, घालून तरुण घुमटाच्या तालावर घरोघर फिरतात. नव्या जावयाचा पहिला सांजांव विशेष मानाचा असतो. बार्देशातील शिवोली येथे सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते.

स्लाव्ह लोकांतील इव्हान कुपाला हा याच संताच्या नावाचा सण रशिया व बेलारूसमध्ये ज्युलियन दिनदर्शिकेमुळे ७ जुलैला येतो. तेथे मुली फुलांचे मुकुट नदीत सोडतात आणि उडी शेकोटीवरून मारली जाते.