रस्ते आणि जंगलाचे नैसर्गिक पुनर्जनन

जंगलातून रस्ता गेल्यावर कडेच्या झाडांचे बी पडणे, रुजणे आणि रोपे तगणे या क्रमात होणारा बदल. रस्ता मंजूर होताना तोडायची मोठी झाडे मोजली जातात. पुढे जी रोपे उगवणारच नाहीत, त्यांची गणती होत नाही. खरी हानी तीच आहे, आणि जुनी झाडे उभी असेपर्यंत ती नजरेत भरत नाही.

सह्याद्रीच्या सदाहरित वनात हा परिणाम तीव्र असतो. महाबळेश्वरकडील अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या दाट छताखाली रोपे सावलीतच वाढतात. रस्त्यासाठी छत फाटले की ऊन-वारा आत शिरतो, पालापाचोळा कोरडा पडतो, मातीची ओल घटते. या वनांतील अनेक झाडांचे बी वाळले की मरते. रानजायफळाचे बी तर फार दिवस टिकतच नाही. ते दूर नेऊन टाकायला धनेशासारखे मोठे पक्षी लागतात. घाट रुंद करताना दरीत लोटलेला राडारोडा उतारावरची रोपे गाडतो आणि कापलेल्या डोंगराचे पाणी गटारातून भलतीकडे वळते. मोकळ्या झालेल्या जागेत चांदाडा झपाट्याने वाढतो. मागोमाग घाणेरी आणि रानमोडी येतात. रानमोडीचे हलके बी वाऱ्यावर पसरते. उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काड्या वणव्याला सरपण पुरवतात.

हा परिणाम रस्त्याच्या पट्ट्यापुरता राहत नाही. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ १९७९ पासून वनखंडांचा अभ्यास चालू आहे. तिथे कुरणांसाठी तोडलेल्या वनाच्या कडेपासून ३०० मीटरच्या आत मोठी झाडे आतल्या जंगलाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने मेली. अरुंद, छताखालच्या रस्त्याचा परिणाम अर्थातच याहून सौम्य असतो.

विदर्भातील पानझडी जंगलाची गोष्ट वेगळी. साग उजेडाचा भुकेला असल्याने कडेला त्याची रोपे जोम धरू शकतात. तिथे मोठा धोका आगीचा. फेकलेल्या विडीने लागलेला वणवा कोवळी रोपे वारंवार जाळतो. मुळापासून पुन्हा फुटणारी झाडे तगतात, बाकीची मागे पडतात. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांसाठी भुयारी वाटा ठेवल्या आहेत. त्यांचा उपयोग झाडांनाही आहे: चितळ आवळ्याचे बी वाहतात, अस्वले जांभळाचे आणि बोराचे.

विविधता मोजताना जपून राहावे लागते. रस्त्याकडेला जातींची संख्या कधी कधी आतल्या जंगलापेक्षा जास्त भरते, कारण उन्हात येणारी झाडे आणि बाहेरची तणे यादीत शिरतात. अशी यादी वाढणे म्हणजे जंगल सुधारणे नव्हे. सावलीतल्या झाडांची रोपे किती, हे वेगळे पाहिले पाहिजे.

उपायांत रस्ता अरुंद ठेवून दोन्ही बाजूंच्या फांद्या वर जुळू देणे सर्वांत परिणामकारक ठरते. रानमोडी बी धरण्याआधी उपटावी लागते. भरपाई म्हणून लावलेल्या गुलमोहर किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा पुनर्जननात धरता येत नाहीत.