कमानपाटे, मालट्रकचे
मागच्या ॲक्सलवर भार पेलणारा पोलादी पट्ट्यांचा जुडगा. पनवेल तालुक्यातील गव्हाण फाट्यावरून १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराची अवजड वाहतूक चालते. तिथल्या गाड्यांचे पाटे सतत ताणाखाली असतात. पाटे बसले की गाडी एका अंगाला कलते. मुख्य पाटा बहुधा डोळ्याशी किंवा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडकतो. पाटे दोन्ही बाजूंचे जोडीने बदलावेत. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते पुन्हा वापरणे धोक्याचे. नवे घालून, गाडी थोडी धावल्यावर परत आवळावेत. जादा पाट्याने कमान कडक होते, ब्रेक-टायरांची ताकद वाढत नाही. चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा २०१८ मध्ये १०.२ वरून ११.५ टन झाली. नोंदणीपुस्तकातला भार मात्र पाटे वाढवून बदलत नाही.