मुलीच्या नावापुढे कोणाचं नाव?



१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. तेव्हापासून आमच्या नात्यात मुलीचं बारसं असलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आईचं नाव लावायची आपल्यात कुठं पद्धत आहे?" बोलणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. म्हणून आज आपल्यातली पद्धत नक्की काय होती, ते जरा जुन्या दगडांवर वाचूया.

मथुरेला कंकाली टीला म्हणून एक टेकाड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं उत्खनन झालं आणि जैन स्तूपाचे अवशेष, जिनमूर्ती, आयागपट (पूजेच्या कोरीव शिळा) निघाले. त्यांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, आणि त्यांत श्राविका भरपूर आहेत. अमोहिनी नावाच्या श्राविकेची शिळा बघा. महाक्षत्रप शोडास याच्या काळातली, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर अमोहिनीचं नाव आहे, ती श्रमणांची श्राविका असल्याचं आहे, तिच्या तीन मुलांची नावं आहेत. पाल नावाच्या गृहस्थाची ती पत्नी, हेही आहे. पण या पालाची ओळख कशी दिली आहे? 'हारितीपुत्र', म्हणजे हारिती गोत्राच्या आईचा मुलगा. आणि अमोहिनी स्वतः 'कौत्सी', कौत्स गोत्राची. गोत्र हरवलेलं नाही, पुरुषाच्या ओळखीत आईही बसलेली आहे.

एवढ्या लांब जायचं नसेल तर आपल्या नाशिकच्या लेण्यांत जा. गौतमीपुत्र सातकर्णी हा राजा तिथल्या लेखात आईच्या नावानेच ओळखला जातो. राजाला चाललं ते आपल्या नातीला का चालू नये, हे मला कोणी समजावून सांगावं.

मथुरेच्या कुषाणकाळातल्या लेखांत श्राविकांची ओळख बऱ्याचदा लांबलचक असते. अमक्याची मुलगी, तमक्याची सून, अमक्याची पत्नी, तमक्याची आई. माहेर पुसून सासर लिहिलेलं नाही, दोन्ही शेजारी शेजारी आहेत. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहून जुनं कायमचं मिटवायचे, त्याच्याशी हे ताडून बघा. माझ्या ओळखीच्या कित्येक आज्यांचं माहेरचं नाव त्यांच्या नातवंडांना ठाऊकच नाही.

मथुरेच्याच संग्रहालयात वासू नावाच्या श्राविकेचा आयागपट आहे. वासू गणिका होती आणि तिची आई लोणशोभिकाही गणिका. वासूने अर्हंतांसाठी देवालय, पाण्याचं टाकं आणि शिळा दिली आणि लेखात स्वतःची ओळख आईच्या नावाने दिली. कुणी म्हणेल, वडिलांचं नाव सांगता येत नव्हतं म्हणून आईचं. असेल. पण संघाने ते दान घेतलं आणि ते नाव दगडावर राहू दिलं.

आता पहिल्या नावाकडे येते, कारण बारशात खरी भांडणं तिथं होतात. आत्या एक नाव धरून बसते, आजी दुसरं. बारावा दिवस मात्र आपल्याकडे जुना आहे. कल्पसूत्रात वर्धमानांचं नाव बाराव्या दिवशी, नातलगांना जेवू घालून ठेवलेलं आहे. गर्भात आल्यापासून घरात सगळ्याची वाढ झाली म्हणून 'वर्धमान'. तिथं माता त्रिशला यांचीही विदेहदिन्ना आणि प्रियकारिणी अशी आणखी दोन नावं दिली आहेत. एका बाईला तीन नावं, आणि तिन्ही जपून ठेवलेली.

आपल्या दिगंबर परंपरेत नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात नामकर्म सांगितलं आहे, तेही जन्मानंतर बारा दिवसांनी. नाव ठरत नसेल तर जिनेंद्राच्या एक हजार आठ नावांच्या चिठ्ठ्या घड्यात घालून एक काढायची, अशीही सोय तिथं आहे. मला ही सोय फार आवडते. पंचांगातलं आद्याक्षर धरून 'ढ'वरून नाव शोधत बसण्यापेक्षा कितीतरी बरी, आणि आत्याला बोलायला जागा राहत नाही.

नावं पुरुषी आहेत, मुलीला कशी चालतील, असं वाटेल. पण आपल्या आज्या सुमती, विमल, शांता होत्या. सुमतिनाथ, विमलनाथ, शांतिनाथ यांचीच ती नावं. शीतल तर आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे मुलाचंही आणि मुलीचंही. तीर्थंकरांचं नाव घरात रोज हाकेला यावं, एवढाच त्यामागचा हेतू.

ब्राह्मी आणि सुंदरी मात्र आपण फार कमी ठेवतो. ऋषभदेवांनी या दोन मुलींना जवळ बसवून एकीला लिपी आणि दुसरीला अंक शिकवले, असं आदिपुराणात आहे. मुलींच्या शिक्षणाची गोष्ट सांगताना ही नावं हमखास घेतो, पण पाळण्यात घालताना 'जुनाट' म्हणतो. अत्तिमब्बे तर कोणी विचारातही घेत नाही. दहाव्या शतकातल्या या कन्नड श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या. छापखाना नसताना! तिच्या नावातलं 'अब्बे' म्हणजे आई, आणि आपल्या पद्मव्वा-चंद्रव्वांतलं 'अव्वा' त्याच घरातलं.

आमच्या घरच्या नव्या पाहुणीसाठी मी तीन चिठ्ठ्या सुचवल्या आहेत: ब्राह्मी, सुमती, प्रियकारिणी. तिसरी शाळेच्या हजेरीत लांब पडेल, हे मान्य. मधलं नाव चिठ्ठीवर घालायचं नाही. आईचं आणि वडिलांचं, दोन्ही लागतील, आणि पाळण्यापाशी पूर्ण नाव एका दमात मोठ्याने म्हणायचं काम यंदा आत्याकडे दिलं आहे.