जुन्या वस्तूंचं घर

आमच्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत आणि २०२३पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, रविवारी जाफर गेटला आठवडी बाजार भरतो. भाजी-धान्याच्या गर्दीतून वाट काढत पुढं गेलं की जुन्या वस्तूंची पथारी दिसते. कलई उडालेलं पातेलं, दांडा नसलेली किटली, किल्ली हरवलेलं कुलूप, कुठल्या तरी पाडलेल्या घराच्या खिडकीचे गज. घर सजवायचं म्हणजे मोठ्या दुकानात जाऊन सगळं नवं आणायचं, अशी आज आपली समजूत आहे. पण आपल्या मुलखातली घर सजवण्याची जुनी रीत वेगळी होती. हाताशी आहे ते घासून-पुसून, सांधून-शिवून पुन्हा मांडायचं आणि उरलेलं आपल्या हातानं करायचं, अशी ती रीत. तिला गरिबीची रीत म्हणून आपण बाजूला सारलं. खरं तर तिच्यात आपला बराचसा इतिहास साठलेला आहे.

जुन्या बाजारात वस्तू येतात कुठून? आमच्या शहरापुरतं उत्तर द्यायचं तर त्या राज्यं बदलली तेव्हा आल्या. मलिक अंबरानं १६१०च्या सुमारास खडकी वसवली. पुढं औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचं औरंगाबाद झालं. हवेल्या उठल्या, बागा झाल्या, कारागिरांचे मोहल्ले वसले. १७६३मध्ये निजामअली खानानं राजधानी हैदराबादला नेली. दरबार हलला की दरबारी हलतात. अत्तरदाणी उंटावर लादता येते, सागवानी खांब लादता येत नाही. पुढं १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि १९४९मध्ये जहागिरी संपल्या. चांगलंच झालं, कुळांच्या डोक्यावरचा भार उतरला. पण ज्या घरांचं उत्पन्न जहागिरीवर होतं, त्या घरांतून झुंबरं, हंड्या, पानदानं आणि गालिचे एकेक करून बाहेर पडू लागले. आणि आता गेली काही वर्षं जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहताहेत. चौकटी, तुळया, कोरीव खांब ट्रकमध्ये भरून जातात आणि दूरच्या शहरातल्या हॉटेलांच्या भिंतींना टेकून उभे राहतात.

अशा एखाद्या जुन्या दाराजवळ थांबून पाहा. ‘दरवाजा’ हा शब्द फारसीतून आला. ‘बिजागरी’ आणि ‘चावी’ पोर्तुगिजांनी दिली. ‘उंबरठा’ आपल्या मातीतला, उंबराच्या लाकडाची आठवण सांगणारा. घरातलं एक दार, पण त्याला हात लावला की चार मुलखांची बोटं हाताला लागतात. इतिहासाच्या पुस्तकात हे सगळे लोक लढाईच्या मैदानावर भेटतात. घरात मात्र ते एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसलेले असतात. तबक, सुरई, गुलाबदाणी, पिकदाणी ही भांडी कुणाच्या घरची, हे नावावरून सांगता येत नाही. ती वाड्यातही होती आणि हवेलीतही होती.

ही गोष्ट फार लवकर ओळखणारा माणूस पुण्यात होता. दिनकर गंगाधर केळकर. १८९६ ते १९९० असं दीर्घ आयुष्य त्यांना लाभलं. चष्म्याचा व्यवसाय करायचे आणि ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. १९२०च्या आसपास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. त्या काळी पुण्यातले जुने वाडे पडत होते, सरदार घराण्यांच्या अडगळी रिकाम्या होत होत्या. मोडीत जाणारे दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, फणीकरंडे, पाय घासायच्या वज्री, गंजिफा असं सगळं केळकर गोळा करू लागले. तांब्या-पितळेच्या भावानं विकली जाणारी वस्तू ते वस्तू म्हणून विकत घ्यायचे. या व्यापात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. वस्तू ठेवायला जागा कोणती, तर राहतं घरच. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्या घराचं संग्रहालय झालं, आणि १९७५मध्ये केळकरांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. वीस हजारांवर वस्तू आहेत त्यात. एका दुकानदार कवीनं हयातभर पदरचे पैसे मोडून जमवलेल्या.

याच काळात हैदराबादेत तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान, जगभरातून वस्तू जमवत होते. युरोपातले पुतळे, घड्याळं, चिनी मातीची भांडी. १९४९मध्ये ते गेले आणि १९५१मध्ये त्यांच्या दिवाण देवडीतच संग्रहालय उघडलं. ते पाहायला माणसं आजही रांग लावतात, आणि लावावी असंच ते आहे. पण दोन्ही संग्रह पाहिलेल्या माणसाला फरक जाणवतो. सालारजंगांच्या दालनात आपण पाहुणे असतो. केळकरांच्या दालनात मात्र कुणी तरी म्हणतंच, ‘अरे, हा तर आमच्या आजीचा अडकित्ता!’ संग्रहालयात गेलेल्या माणसाला स्वतःचं घर आठवावं, हे केळकरांचं मोठं यश.

असा विचार करणारे केळकर एकटे नव्हते. तिकडे जपानमध्ये सोएत्सू यानागी नावाचा विचारवंत त्याच सुमारास खेड्यातल्या अनाम कारागिरांचे वाडगे, सुरया, टोपल्या आणि कापडं जमवत होता. रोजच्या वापरातून येणारं सौंदर्य हे खरं सौंदर्य, असं तो सांगत होता. १९३६मध्ये टोकियोत त्यानं लोककलांचं संग्रहालय उघडलं. कारखान्याचा माल घराघरांत शिरू लागला, तेव्हाच हातानं केलेल्या साध्या वस्तूची किंमत काही शहाण्या माणसांना कळली. वस्तू हातातून निसटू लागल्यावरच तिच्याकडे नीट लक्ष जातं, असा माणसाचा स्वभाव असावा.

बाजारातून शोधून आणलेल्या वस्तूंची ही गोष्ट झाली. हातानं केलेल्या वस्तूंत माझ्या मते पहिला मान गोधडीचा. मराठवाड्यात तिला वाकळ म्हणतात, आमच्या दख्खनी बोलीत गुदडी. जुनं लुगडं, विरलेलं धोतर, फाटका सदरा, ओढणीचा उरलेला तुकडा. यांतलं काहीही फुकट जात नाही. पुष्कळदा धुतलेलं सुती कापड मऊ होतं, म्हणून तान्ह्या बाळाला नव्या कापडापेक्षा जुन्याचं दुपटं बरं. थरांवर थर घालायचे, वर ठिगळांची नक्षी मांडायची, आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोऱ्याच्या रांगा घालत जायचं. आमच्या घरच्या गुदडीत माझ्या आईच्या लग्नातल्या शालूचा तुकडा होता, वडिलांच्या शर्टाची बाही होती आणि शेजारच्या काकूंच्या लुगड्याचा काठही होता. आईनं डायरी कधी लिहिली नाही. तिचं शिक्षण तेवढं नव्हतं. पण कोणता तुकडा कुणाचा आणि कोणत्या सालचा, हे ती बोट ठेवून सांगायची. बायकांनी लिहिलेला इतिहास कुठं आहे, असं कुणी विचारलं की मला ती गुदडी आठवते.

ठिगळांच्या या वस्त्राला आपल्याकडे मानही मोठा. सूफी परंपरेत फकिराचा ठिगळांचा खिरका हा त्याच्या साधनेची खूण मानला गेला. आपल्या महाराष्ट्रात गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, कारण चिंध्यांचं वस्त्र हाच त्यांचा पोशाख. तिकडे उत्तर कर्नाटकातल्या जंगलपट्टीत, यल्लापूर-हल्याळकडे, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ नावाची ठिगळांची वाकळ शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांत कापडाची घडी घालून ‘फुलं’ बसवतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी-बोडकी वाटते. थंडी भागवायला नुसते थर पुरेसे असतात. पण फुलं नसतील तर घर पुरं होत नाही. सजावट ही श्रीमंतांची चैन आहे असं म्हणणाऱ्यांना एवढं एक उदाहरण बस्स आहे.

गोधडीलाही न लागणाऱ्या चिंध्यांचं काय? त्यांचं उत्तर आमच्या शहरापासून जवळच आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. मुहंमद तुघलकानं १३२७मध्ये राजधानी देवगिरीला आणली, तेव्हापासूनच्या काळाशी इथल्या कागदकारागिरांची परंपरा नातं सांगते. जुन्या सुती चिंध्या आणि दोरखंड भिजवायचे, कुटायचे, त्याचा लगदा पाण्यात ढवळायचा, साच्यानं पातळ थर उचलायचा, वाळवायचा, खळ लावून घोटायचा. असा तयार झालेला दौलताबादी कागद पेशव्यांच्या दफ्तरातही वापरला गेला. म्हणजे ज्या कागदावर राजकारण लिहिलं गेलं, तो कुणाच्या तरी फाटक्या धोतराचा होता! आपण कागदावरची अक्षरं इतिहास म्हणून वाचतो. अक्षरांखालची चिंधी वाचत नाही. सुती कापडाच्या कातरणापासून हातकागद करण्याचं काम कागजीपुऱ्यात अजूनही चालतं. पण कागदाला हात लावणारी घरं आता मोजकी राहिली आहेत.

आमच्या शहराची शान म्हणून ज्याचं नाव घेतात, त्या हिमरूचा जन्मही काटकसरीतून झाला. किमख्वाब म्हणजे रेशीम आणि जर. ते बादशहालाच परवडणारं. मग कारागिरांनी उभा धागा सुताचा घेतला आणि आडवा रेशमाचा. कमी खर्चात तीच झळाळी आली. हमरू, म्हणजे सारखं दिसणारं, या फारसी शब्दावरून हे नाव पडलं असं सांगतात. किमख्वाबाची नक्कल म्हणून निघालेलं हे कापड पुढं स्वतःच्या नावानं ओळखलं गेलं. त्याच्या शाली, जाकिटं आणि रजया घरोघर गेल्या. खड्डामागावर विणकर बसायचा आणि नक्षीच्या दोऱ्या ओढायला एक जण वर बसायचा. दोघांचा ताल जुळला तरच फूल उमलायचं. यंत्रमागाचं कापड स्वस्तात मिळू लागलं आणि हे हातमाग बंद पडत गेले. आज हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच उरलेत. नमुना संग्रहालयात ठेवता येतो, तिथं तो टिकेलही. पण दोरी ओढणारा हात काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. तो टिकायचा तर कुणाच्या तरी घरात ते कापड अंथरलं जायला हवं.

म्हणून मला वाटतं, जुन्या वस्तूंनी घर सजवणं हा नुसता छंद नाही. पण त्याला थोडी शिस्त हवी. पहिली गोष्ट कायद्याची. १९७२चा पुरावस्तू कायदा आपल्याकडे आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं किंवा कलाकुसरीची वस्तू, तसंच पंचाहत्तर वर्षांहून जुनं मोलाचं हस्तलिखित त्याखाली येतं. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, काहींची नोंदणी करावी लागते, आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. मूर्ती दिसली की मोह होतो. पण ती कुठल्या देवळातून निघाली हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर हात आखडता घ्यावा. एखाद्या गावचा देव आपल्या दिवाणखान्यात शोभेला ठेवण्यात कसली आली सजावट?

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. बिदरीचं भांडं पाहा. जस्तात थोडं तांबं मिसळून ते घडवतात, त्यावर चांदी ठोकून बसवतात, मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात त्याला काळा रंग चढतो. माहिती नसलेला माणूस ते भांडं चिंच लावून लख्ख घासायला जातो आणि शंभर वर्षांचा काळा रंग एका दुपारी घालवतो. जुन्या वस्तूला आधी विचारावं, मग हात लावावा. आणि कलई करणारा, वेत विणणारा, पिंजारी यांपैकी कुणी गल्लीत आला तर त्याला काम द्यावं. वस्तू विकत घेताना आपण घासाघीस करतो ती करावी. दुरुस्त करणाऱ्याशी मात्र करू नये. त्याच्या हाताला दुसरं गिऱ्हाईक नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. कविता लिहिणारी असल्यामुळं असेल. वस्तूचं नाव जपायला हवं. ठाणवई, गिंडी, चौफुला, आफताबा, कलमदान. हे शब्द उच्चारणारी माणसं आपल्या घरांत थोडीच राहिली आहेत. नाव माहीत असेपर्यंत ती वस्तू घरातली असते. नाव विसरलं की ती ‘ते जुनं पितळेचं’ होते, आणि मग तिला भंगाराच्या काट्यापर्यंत जायला वेळ लागत नाही. केळकरांनी वीस हजार वस्तू वाचवल्या. आपल्याला एवढ्या जमणार नाहीत. पण प्रत्येक घरात एखादा तरी डबा, एखादी तरी गोधडी, एखादा तरी दिवा असा असतो, की ज्याची हकीकत घरातल्या एकाच म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असते. ते माणूस आहे तोवर विचारून घ्या. वस्तू कुणी आणली, कुठून आणली, तिला काय म्हणायचे, हे चार ओळींत लिहा आणि चिठ्ठी त्या वस्तूतच ठेवून द्या. पुढच्या पिढीला ती वस्तू आवडेल की नाही, हे आपल्या हाती नाही. पण टाकून द्यायच्या आधी ती चिठ्ठी निदान तिच्या हाताला लागेल.