पेव, पोते आणि सोंडकिडा

एखाद्या गोष्टीचे 'पेव फुटले' असे आपण सहज बोलून जातो. परंतु खरे पेव पाहिलेल्या भगिनी आता आपल्यांत थोड्याच असतील. पेव म्हणजे धान्याचे भुयार. देशावर, जेथे पाऊस बेताचा व जमीन कोरडी, तेथे अरुंद तोंडाचा आणि मोठ्या पोटाचा खोल खड्डा खणीत. आत कडब्याचे अस्तर लावून जोंधळा भरीत, तोंडावर दगड बसवीत आणि ते मातीशेणाने लिंपून टाकीत. सुकाळातला दाणा दुष्काळापर्यंत टिकवावयाचा, एवढाच हेतू. कोकणात जमीन ओली, म्हणून तेथे पेव नाही. तेथील गृहिणी सारे भात एकदम कांडून ठेवीत नसे. ते तुसासकट कणगीत किंवा पेंढ्याच्या मुडीत राही. तूस धड असेल तर सोंडकिड्याला दाण्यापर्यंत पोचणे अवघड जाते.

हा सोंडकिडा मोठा चतुर. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि भोक चिकट द्रवाने बुजविते. अळी दाणा आतून पोखरीत वाढते. म्हणूनच पाखडून, निवडून भरलेला गव्हाचा डबा महिना-दीड महिन्याने उघडावा, तो आत सारी वळवळ! यात पाखडणारीचा दोष नसतो. बोलणी मात्र तिलाच बसतात.

पेवाने या किड्याला आवरले ते औषधाने नव्हे. बंद खड्ड्यात धान्यही श्वास घेते आणि किडाही. प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साठतो आणि किडा गुदमरतो. माणसाचीही तीच गत होईल, म्हणून पेव उघडल्याबरोबर आत उतरावयाचे नाही.

ही युक्ती आपल्या एकट्यांची नव्हे. रोमन पंडित व्हॅरो याने इ. स. पूर्व ३७ च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात अशाच खड्ड्यांचे वर्णन आहे. जेथे हवा पोचत नाही तेथे कीड होत नाही, गहू ५० वर्षे टिकतो, असे तो सांगतो; आणि उघडल्यावर लगेच आत जाऊ नका, माणसे गुदमरली आहेत, असेही बजावतो. आपल्या सोलापूरकडचा एखादा जुना पाटीलच बोलतो आहे, असे वाटावे! त्याच रोमनांनी पुढे इंग्लंड जिंकले, तेव्हा धान्याबरोबर तेथे कीडही नेली. यॉर्क येथील उत्खननात पहिल्या शतकातले एक लाकडी कोठार सापडले. ते किड्यांनी इतके भरले होते की पाडून, त्यावर चिकणमातीचा जाड थर देऊन, वर नवे बांधावे लागले.

आपल्याकडे पेव मागे पडले त्याला, माझ्या मते, आगगाडी आणि तागाचे पोते ही दोन मोठी कारणे. धान्य गावात राहीनासे झाले, आणि पोत्याच्या विणीतून हवा जाते तसा किडाही जातो. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. मग दूरच्या गुदामांतून, कैक हातांतून आलेले धान्य निवडण्यात गृहिणींच्या दुपारी जाऊ लागल्या. १९५८ साली हापूर येथे साठवणीच्या संशोधनाचे सरकारी केंद्र निघाले. गुदामांतून धुरी देण्याचे युग आले. खापरा भुंगेऱ्याची अळी मात्र भिंतीच्या भेगेत अन्नावाचून वर्षानुवर्षे दडून राहू शकते. आणि धुरीचा फॉस्फीन वायू फटींतून निसटला की उरलेले किडे त्याला सरावतात. असे सरावलेले किडे भारतातही आढळले आहेत. या धुरीच्या गोळ्या कोणी दिल्या तरी घरच्या डब्यात कदापि टाकू नयेत. हवेतल्या ओलाव्यानेच त्यांतून वायू सुटतो आणि त्या विषावर उतारा नाही.

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळीच्या भुंगेऱ्यावर उपाय शोधावयास घेतला. त्यातून निघाली तिहेरी पिशवी: आत प्लॅस्टिकच्या दोन, बाहेर विणलेली एक. वाळलेली चवळी भरावयाची, हवा दाबून काढावयाची आणि तोंड पिळून घट्ट बांधावयाचे. आतला प्राणवायू सरतो, भुंगेऱ्याचे खाणे थांबते. औषध लागत नाही. आमच्या आजेसासूबाईंना ती दाखविली असती, तर त्या म्हणाल्या असत्या, "अगं, हे तर पेवच की!"